धारूरची पेठ आणि युद्धकालांतील सामान्य माणूस

१. युद्धाचा इतिहास आपण बहुधा किल्ल्याच्या तटावरून पाहतों. वेढा कोणी घातला, मोर्चे कोठें बांधले, किल्लेदार केव्हां हातीं लागला, हें तारीखवार कळतें. पण त्याच दिवशीं तटाखालच्या पेठेंत कोण होतें, त्याचें काय गेलें व पुढें त्यानें पोट कसें भरलें, हें कळत नाहीं. ही उणीव कादंबरीकार कल्पनेनें भरून काढतो, आणि वाचकास तेंच चित्र खरें वाटूं लागतें. तवारीख आणि कादंबरी या दोहोंच्या मधल्या जागेंत सामान्य माणसाचा माग कसा काढावा, हें धारूरच्या उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. धारूर हें बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरांत आहे. तेथील किल्ला विजापूरच्या अलि आदिलशहाचा सरदार किश्वरखान यानें इ. स. १५६७ च्या सुमारास बांधविला. लवकरच तो मूर्तझा निजामशहाच्या फौजेनें घेतला व त्या प्रसंगीं किश्वरखान मारला गेला. पुढें सुमारें साठ वर्षांनीं, खानजहान लोदीचा पाठलाग व निजामशाहीचें पारिपत्य अशा दुहेरी हेतूनें शहाजहानाच्या फौजा दक्षिणेंत उतरल्या. त्यांपैकीं आझमखानानें इ. स. १६३१ च्या आरंभीं (हिजरी १०४०, शके १५५२, शुहूर सन इहिदे सलासीन अलफ) धारूर घेतला. किल्लेदार सिद्दी सालिम हातीं लागला आणि किल्ल्यास फतेहाबाद असें नांव मिळालें.

३. या मोहिमेचा मुख्य आधार म्हणजे अब्दुल हमीद लाहोरी याचा ‘बादशाहनामा’. त्यांतील हकीगतीचा आशय असा कीं, किल्ला उंचवट्यावर असून बाजूस खोल व बिकट दऱ्या असल्यामुळें आझमखानास प्रथम वेढा घालणें श्रेयस्कर वाटलें नाहीं; म्हणून त्यानें आधीं कसबा व पेठ लुटण्याचें ठरविलें. या पेठेंत आठवड्याचा बाजार भरे व भोंवतालच्या मुलखांतील लोक खरेदीविक्रीस येत, हेंही ग्रंथकार जातां जातां सांगतो. त्याचा हेतु लुटीचें मोल सांगण्याचा. पण त्यांतून एक वेगळीच गोष्ट आपल्या हातीं येते. धारूर हें केवळ लष्करी ठाणें नव्हतें. आठवडी बाजाराच्या ओढीनें आसपासचीं गांवें त्याच्याशीं बांधलेलीं होतीं. पेठ लुटली गेली म्हणजे एका गांवाची नव्हे, तर त्या साऱ्या टापूची देवघेव बुडाली. किल्ल्यांत पकडलेल्या बड्यांचीं नांवें तवारिखेंत आहेत. बाजारांत सांपडलेल्या एकाही वाण्याचें, तेल्याचें वा कुणब्याचें नांव नाहीं.

४. हेंच वर्ष भयंकर दुष्काळाचेंही होतें. इ. स. १६३० ते १६३२ या काळांत दक्षिण व गुजराथ हे दोन्ही प्रांत अन्नावांचून होरपळले. मेलेल्यांचीं हाडें दळून पिठांत मिसळीत व कुत्र्याचें मांस बकऱ्याचें म्हणून विकीत, असें खुद्द लाहोरीनेंच नमूद केलें आहे. बऱ्हाणपुरास बादशहानें दर सोमवारीं ५,००० रुपये याप्रमाणें वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले आणि सुमारें ७० लाखांचा सारा सोडला, हे आंकडेही तोच देतो. दानाचा हिशेब आहे. पेठेच्या नुकसानीचा नाहीं. दरबारी लेखकाचें काम धन्याचें औदार्य नोंदविणें हें होतें, आणि तें त्यानें चोख केलें. त्याला न विचारलेला प्रश्न आपण विचारावयाचा आहे.

तो प्रश्न कसा विचारावा याचें एक उदाहरण देतों. धारूरनंतर आझमखान परांड्यावर गेला. परंतु आसपास कित्येक कोस गवत मिळेना, म्हणून त्याला मोर्चे उठवून परतावें लागलें. इतिहासकार यास मोहिमेंतील अपयश म्हणून पाहतो. पण ज्या मुलखांत बादशाही खजिना पाठीशीं असलेल्या फौजेस घोड्यांपुरती वैरण मिळाली नाहीं, तेथें कुणब्याच्या एका बैलजोडीची काय गति झाली असेल? आणि बैल गेल्यावर पुढच्या मृगांत पाऊस पडला, तरी नांगर कोण ओढणार? युद्धाचा घाव एका हंगामांत भरून येत नाहीं, हें या एका नोंदीवरून समजतें. असें अनुमान करण्यास कल्पनेचे पंख लागत नाहींत. नोंद उलट बाजूनें वाचावी लागते, एवढेंच.

५. त्याच दुष्काळांत सांपडलेल्या एका वाण्याचे उद्गार सुदैवानें मराठींत आहेत. देहूचे तुकोबा यांनीं आपल्या आत्मपर अभंगांत द्रव्य गेलें, मान गेला, पत्नी अन्नावांचून गेली, व्यापार तुटला, अशी हकीगत सांगितली आहे. देहू धारूरपासून दूर आहे; तथापि काळ तोच, आपत्ति तीच, आणि धंदा पेठेंतल्या माणसाचा. बादशाहनाम्याच्या शेजारीं हे अभंग ठेवून वाचले, म्हणजे तवारिखेंतील निनांवी गर्दीस प्रथमच एक चेहरा येतो.

६. आतां कादंबऱ्यांविषयीं. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. पुढें हरि नारायण आपटे यांनीं ‘करमणूक’ पत्रांतून ‘उषःकाल’ लिहिली. तिचा काळ धारूरच्या प्रसंगानंतर थोड्याच वर्षांचा आहे. किल्लेदाराच्या घरांत काय चाललें असेल, स्त्रियांवर काय गुदरलें असेल, हे प्रश्न आपट्यांनीं मराठी वाचकास विचारावयास शिकविले, हा त्यांचा मोठा उपकार होय. परंतु कादंबरीस नायक लागतो, आणि नायकास पराक्रमाची संधि लागते. बैल मेल्यामुळें गांव सोडून गेलेला कुणबी तिच्यांत सहसा मावत नाहीं. यास्तव कादंबरी प्रश्न सुचविणारी म्हणून अवश्य वाचावी. साक्षीदार म्हणून तिला उभी करूं नये.

७. साक्षीदार कसा असतो, हें पाहावयाचें तर विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ घ्यावा. घरचें कर्ज फेडण्यास दक्षिणा मिळावी म्हणून हा भिक्षुक इ. स. १८५७ मध्यें उत्तरेकडे निघाला आणि बंडांत सांपडला. झांशी पडली तेव्हां तो शहरांतच होता. आधीं रोकड व सोनेंनाणें, मग भांडीं व कापड, शेवटीं धान्य, असा लुटीचा क्रम तो सांगतो. लपून बसलेल्यांची तहान सांगतो. सेनापतीच्या खलित्यांत हें सांपडणार नाहीं. हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांनीं इ. स. १९०७ मध्यें आपले संस्कार करून छापला. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळांत जपलें गेलें, म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांस इ. स. १९६६ मध्यें मूळ पाठ प्रसिद्ध करतां आला. छापील प्रत हातीं आली म्हणून हस्तलिखित टाकून दिलें असतें, तर गोडसे भटजींचा स्वतःचा बोल आपण कायमचा गमावला असता.

८. गोडसे एखादाच. इतरांचा आवाज लहान कागदांत विखुरलेला असतो. ओस पडलेल्या गांवीं रयतेनें परत यावें म्हणून दिलेला कौल. पहिल्या वर्षीं कमी व पुढें चढता सारा ठरविणारा इस्तावा. वतनाच्या तंट्यांतील तकरीर, करीना व महजर. या कागदांतही खबरदारी हवी. वादी आपलें वतन सिद्ध करण्यास बसलेला असतो, तेव्हां त्याच्या मुख्य दाव्यावर एकदम विश्वास ठेवूं नये. पण ‘दुकाळांत बाप मेला, घर परागंदा झालें, अमक्या वर्षीं परत आलों’ अशा आशयाचा जो मजकूर ओघांत येतो व ज्यास प्रतिवादीही हरकत घेत नाहीं, तो बहुधा भरंवशाचा असतो. कागद कोणी लिहिला, प्रसंगानंतर किती वर्षांनीं लिहिला, आणि तो लिहून त्याचा लाभ काय, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळीं विचारावे.

९. आमचें शेवटचें मागणें संग्राहकांपाशीं आहे. दफ्तर उघडलें कीं आपला हात प्रथम शिक्कामोर्तबाच्या फर्मानाकडे जातो, आणि वाण्याची वही, पाटलाची यादी, कुळकर्ण्याचा कसर लागलेला ताळेबंद रद्दींत पडतो. फर्मानाच्या नकला बहुधा अन्यत्र मिळतात. वहीची दुसरी प्रत नसते. धारूर, परांडा, बीड या टापूंतील जुन्या घरांत असा रुमाल सुटला, तर त्यांतील एकही फर्द मोठ्या कागदापासून वेगळी करूं नये. ती कोणत्या घरांतून, कोणत्या रुमालांतून आली हें तिच्यासोबत लिहून ठेवावें, आणि मगच निवड करावी. इ. स. १६३१ च्या त्या पेठेंतील माणसांस तवारिखेनें नांव दिलें नाहीं. उरलेला कागदही आपल्या हातून गेला, तर तो दोष लाहोरीच्या माथीं मारतां येणार नाहीं.