डांबरी वाहनतळांची उन्हाळी देखभाल

डांबरी वाहनतळांची उन्हाळी देखभाल म्हणजे दुकाने, मॉल, रुग्णालये, मंगल कार्यालये, गोदामे व औद्योगिक वसाहतींच्या आवारातील डांबरी पृष्ठभागाच्या वाहनतळांची कडक उन्हाच्या काळात केली जाणारी तपासणी, डागडुजी व संरक्षण होय. महाराष्ट्रात मार्च ते मे या महिन्यांत उष्णतेमुळे अशा पृष्ठभागाची मोठी हानी होते. पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती उरकण्याची अखेरची संधीही हेच महिने देतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर उघड्या भेगांतून पाणी झिरपते, खालचा थर मऊ होतो आणि मे महिन्यात किरकोळ दिसणारी भेग गणपतीपर्यंत खड्डा झालेली असते.

संज्ञा

मराठीत 'डांबर' हा शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी रूढ आहे. एक दगडी कोळशापासून मिळणारे डांबर, तर दुसरे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात मागे उरणारे बिट्युमेन. आजचे रस्ते व वाहनतळ बिट्युमेनचेच असतात आणि या लेखात डांबर हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. संरक्षक लेप निवडताना तो महत्त्वाचा ठरतो.

उष्णतेचे परिणाम

बिट्युमेनला ठरावीक द्रवणांक नसतो; तापमान वाढेल तसे ते अधिकाधिक मऊ होत जाते. नवा काळा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा अगदी थोडा, सुमारे पाच टक्के, भाग परावर्तित करतो. त्यामुळे हवेचे तापमान ४० °से.च्या पुढे असताना पृष्ठभाग ६० °से.हून अधिक तापू शकतो. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू किमान ४७ °से. असावा लागतो. म्हणजेच भर दुपारी वरच्या थरातील डांबर मऊच असते आणि वाहनांचा भार मुख्यत्वे एकमेकींत गुंतलेल्या खडीच्या सांगाड्यावर पडतो. दबाई नीट झाली नसेल किंवा डांबर प्रमाणाबाहेर पडले असेल, तर हा सांगाडा सरकतो.

डांबर जास्त आणि मिश्रणातील हवेच्या पोकळ्या कमी असल्यास उन्हात डांबर पृष्ठभागावर पाझरते. असा भाग काळा, चकचकीत व चिकट दिसतो आणि पहिल्या पावसात अतिशय निसरडा होतो. दीर्घकाळात याच्या उलट क्रिया घडते. ऊन व प्राणवायू यांमुळे डांबराचे ऑक्सिडीकरण होऊन ते कडक व ठिसूळ बनते, रंग करडा पडतो आणि खडी सुटू लागते.

रस्ता आणि वाहनतळ यांतील फरक

वाहनतळावर वाहने कमी वेगाने फिरतात, म्हणून त्याला रस्त्यापेक्षा कमी त्रास होतो असा समज आढळतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यात स्थिती बहुधा उलट असते. धावत्या चाकाचा भार एका जागी क्षणभरच पडतो आणि तेवढ्या वेळात डांबर बव्हंशी लवचिक पदार्थासारखे वागते. उभ्या वाहनाचा भार मात्र तासन्‌तास टिकतो; तेव्हा तापलेले डांबर घट्ट द्रवासारखे हळूहळू सरकते आणि चाकांखाली खळगे पडतात. माल भरलेला ट्रक गोदामाच्या दाराशी रोज एकाच जागी उभा राहिल्यास तेथे चाकांचे चर उमटतात.

दुचाकींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. साइड स्टँडचे टोक लहान असल्याने दुचाकीच्या वजनाचा मोठा दाब थोड्याशा जागेवर येतो. दुपारी ते टोक डांबरात रुतते, गाडी कलंडते आणि मागे भोके उरतात. यावर खरा उपाय म्हणजे दुचाकींची रांग काँक्रीटच्या पट्ट्यावर किंवा पेव्हर ब्लॉकवर हलवणे. तोपर्यंत स्टँडखाली सपाट पत्रा किंवा फळी ठेवली जाते.

गाडी उभी असताना पॉवर स्टिअरिंगने चाके वळवल्यास मऊ पृष्ठभाग खरवडला जातो. डिझेल व इंजिन ऑइल हेही खनिज तेलाचेच घटक असल्याने त्यांच्या ठिबकण्याने डांबर विरघळते. ताज्या डागावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घेतात व नंतर जागा साबणाच्या पाण्याने घासतात. खडी सुटण्याइतका जुना डाग कापून काढावा लागतो.

डांबराची प्रत

आयएस ७३ या भारतीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत सलग सात दिवसांच्या सरासरी कमाल तापमानानुसार डांबराची प्रत सुचवली आहे. ३० ते ३८ °से.साठी व्हीजी-२०, ३८ ते ४५ °से.साठी व्हीजी-३० आणि त्याहून अधिक तापमानासाठी व्हीजी-४०. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ °से.च्या आसपास किंवा पुढे जातो, तर कोकण किनाऱ्यावर तो बराच खाली राहतो. साहजिकच मुंबईतील वाहनतळाचे निविदापत्र जसेच्या तसे विदर्भात वापरणे योग्य ठरत नाही. जड वाहने दीर्घकाळ उभी राहणार असतील, तर तापमानापुरते पाहून न थांबता एक प्रत कडक डांबर घेणे इष्ट असते.

काळी माती

विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वाहनतळाखाली काळी माती असते. ती उन्हाळ्यात आकसते व पावसात फुगते. त्यामुळे वाहनतळाच्या कडेला समांतर लांब भेगा पडतात. त्या नुसत्या डांबराने बुजवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. कडेचे गटार दुरुस्त करून पाणी दूर नेणे, कडा सीलबंद करणे आणि गरज पडल्यास काळी माती काढून मुरमाचा थर देणे हेच टिकाऊ उपाय आहेत.

दुरुस्ती

केसासारख्या बारीक भेगांवर पातळ इमल्शन फवारले जाते. सुमारे ३ मिमीहून रुंद भेगा साफ करून इमल्शन व दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाने किंवा तप्त सीलंटने भरतात. उष्णतेने पृष्ठभाग प्रसरण पावून भेगा अरुंद होत असल्याने हे काम सकाळी करतात. मगरीच्या कातडीसारख्या जाळीदार भेगा खालचा थर खचल्याचे लक्षण असतात. त्या भरून भागत नाही.

खड्डा आयताकृती कापून त्याच्या बाजू उभ्या केल्या जातात. सैल माल काढून, टॅक कोट देऊन मिश्रण थरांनी दाबले जाते. खड्ड्यात नुसते मिश्रण ओतून फावड्याने थोपटण्याची सर्रास दिसणारी पद्धत एक पावसाळाही टिकत नाही. उन्हाळ्यात ताजे ठिगळ सावकाश निवते. म्हणून हे काम संध्याकाळी उरकून सकाळी जागा खुली करणे सोयीचे पडते.

पाझरलेल्या डांबरावर जाड वाळू किंवा बारीक खडी पसरून रोलर फिरवतात. उन्हाळी कामांपैकी हेच एक काम भर उन्हात चांगले होते, कारण तेव्हा डांबर खडी धरते. मजुरांच्या दृष्टीने मात्र ही वेळ घातक असल्याने पाळ्या लहान ठेवाव्या लागतात. तप्त मिश्रणाजवळ तर उष्माघातासोबत भाजण्याचाही धोका असतो.

संरक्षक लेप

स्लरी सील किंवा इमल्शनचा लेप ऑक्सिडीकरण मंदावतो. तो पृष्ठभागाला बळकटी देत नाही व खड्डेही झाकत नाही. दुपारी लावल्यास वरची साय लगेच सुकते आणि आतले पाणी अडकते. म्हणून सकाळी लवकर, पृष्ठभाग किंचित ओलावून लेप देतात. त्यानंतर एक-दोन दिवस वाहने आत येऊ द्यायची नसल्याने वाहनतळाचे भाग पाडून, शक्यतो बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून, काम केले जाते. पांढरे पट्टे लेप पूर्ण सुकल्यावरच आखतात.

अमेरिकेत वाहनतळांवर कोळशाच्या डांबराचे लेप लोकप्रिय होते, कारण सांडलेल्या इंधनाने ते विरघळत नाहीत. झिजलेल्या लेपाच्या धुळीतून कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे ओढ्यांत पोहोचत असल्याचे आढळल्यावर टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ पासून त्यांवर बंदी घातली. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये बंदीचा कायदा केला आणि मिनेसोटात २०१४ पासून बंदी लागू झाली.

ॲरिझोनातील फिनिक्स शहराने २०२० पासून फिकट रंगाचे परावर्तक लेप रस्त्यांवर वापरून पाहिले. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या मोजणीत दुपारी पृष्ठभाग सुमारे ६ °से.ने थंड आढळला. मात्र परावर्तित किरणांमुळे तेथे उभ्या असलेल्या माणसाला दुपारी जाणवणारा उष्णतेचा भार काहीसा वाढला. त्यामुळे जेथे ग्राहक व रखवालदार उघड्यावर वावरतात, अशा वाहनतळांसाठी असा लेप सावलीला पर्याय ठरत नाही.