परकी तोफांचा हिशेब

पन्हाळ्यास जाणारीं कुटुंबें तीन दरवाजा व सज्जा कोठी पाहतात आणि मुलांस पावनखिंडीची कथा सांगून परततात. सिद्दी जोहराच्या वेढ्यांत किल्ल्यावर पडलेल्या गोळ्यांपैकीं कांहीं कोणाचे होते, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. ते इंग्रजांचे होते. राजापूर वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन १६६० सालीं तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यांत सामील झाला, आणि इंग्रजी निशाण लावून मारा झाला. १६६१ मध्यें शिवाजी महाराजांनीं राजापूर घेऊन या इंग्रजांस कैद केलें. पुढें सुरतेच्या वरिष्ठांनींच कैद्यांस कळविलें कीं, ही आपत्ति कंपनीच्या मालाचें रक्षण केल्यामुळें नव्हे, तर पन्हाळ्यावर गोळे टाकल्यामुळें ओढवली आहे.

वखारवाल्यांची पत्रें जपलीं गेलीं, आणि १९३१ मध्यें पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें तीं छापलीं, म्हणून हें आपणांस ठाऊक आहे. व्यापारी लबाडी करील, पण टिपण ठेवल्यावांचून राहणार नाहीं. त्या टिपणांवरून शस्त्र व साहाय्य कोणी, कोणास, कोणत्या अटीवर दिलें हें शोधणें, ही एक स्वतंत्र विद्याच आहे.

या विद्येस जन्म वाहिलेले गृहस्थ म्हणून पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचें नांव आम्ही आदरानें घेतों. गोव्यांतील पिसुर्ले गांवीं १८९४ सालीं त्यांचा जन्म झाला. दियोगु दु कौतु यानें १५९५ मध्यें उभारलेलें गोव्याचें दफ्तर त्यांनीं जवळजवळ तीस वर्षें सांभाळलें. त्या दफ्तराची मार्गदर्शिका त्यांनीं सिद्ध केली, राज्यमंडळाचे ठराव १९५३ ते १९५७ पर्यंत पांच खंडांत संपादिले, आणि पोर्तुगीजांचे वकील, दुभाषे व मध्यस्थ यांजवर ग्रंथ लिहिला. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ १९६७ मध्यें पुणें विद्यापीठानें काढला. १९६९ सालीं ते निवर्तले.

अशा कागदांतून दिसतें काय? मैत्रीचे तह एकीकडे होतात आणि रसद दुसरीकडे जाते. १६६७ सालीं पोर्तुगीजांनीं शिवाजी महाराजांशीं तह केला. तरी संभाजी महाराजांच्या काळीं त्यांनीं मोगलांची रसद आपल्या हद्दींतून जाऊं दिली, आणि १६८३ मध्यें गोव्यावर स्वारी ओढवून घेतली. तटस्थाची वाट देखील एक प्रकारची मदतच असते.

हें वर्म आमच्या करवीर प्रांतीं पूर्वींच ओळखलें गेलें होतें. बावड्याच्या घराण्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनीं सुमारें १७१५ सालीं, करवीरकर संभाजी महाराजांच्या काळीं, आज्ञापत्र लिहिलें. आरमार, तोफा व दारूगोळा हेंच टोपीकरांचें बळ असून त्यांस किनाऱ्यालगत ठाणें देऊं नये, असा इशारा त्यांत आहे. तो पुढें विसरला गेला. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहानें दुसऱ्या बाजीरावानें ६,००० इंग्रजी पायदळ आपल्या रक्षणास घेतलें, आणि त्याच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख दिला. रक्षणास आलेल्या फौजेनेंच १८१८ मध्यें पेशवाई संपविली. करवीरासही १८२७ च्या तहानें आपलें सैन्य घटवून इंग्रजी शिबंदी ठेवून घ्यावी लागली.

आतां हें काम जगाच्या पातळीवर चालतें. स्टॉकहोम येथें १९६६ मध्यें स्थापन झालेली शांतता-संशोधन संस्था १९५० पासूनच्या मोठ्या शस्त्रांच्या देवघेवीची नोंद ठेवते, आणि १९९१ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें शस्त्रांची नोंदवही ठेवण्याचा ठराव केला. राजाश्रय असो वा नसो, लागणारे गुण तेच: चार भाषांचें ज्ञान, आंकड्यांविषयीं संशय, आणि वर्षानुवर्षें एका जागीं बसण्याची तयारी.

एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंति आहे. घरांतील एखादा मुलगा वा मुलगी जुन्या दफ्तरांत आयुष्य घालवूं इच्छीत असेल, तर त्यांत मिळकत किती, एवढेंच विचारूं नका. उसन्या तलवारीस मूठ दोन असतात. दुसरी कोणाच्या हातांत आहे, हें वेळीं सांगणारें माणूस राष्ट्रास हवें असतें.