बोरं की हरभऱ्याची भाजी?

चिखली-मेहकरच्या बाजारात हिवाळ्यात बोरांचे ढीग लागतात, त्याच दिवसांत वावरात हरभऱ्याची भाजी खुडायला येते. दोन्हींत ताकदीचं काय, असं बाया आम्हाला विचारतात. प्रश्न वरवरचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आहे.

लोहात भाजीच कितीतरी पुढे. शंभर ग्रॅम बोरांत ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. पण पाल्यातलं लोह अंगाला फार थोडं लागतं. ते शोषायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि भाजीतलं हे जीवनसत्त्व शिजवताना बरंच नष्ट होतं. बोर कच्चंच खातो, त्यामुळे त्यातलं टिकतं. म्हणून भाजी-भाकरीसोबतच मूठभर ताजी बोरं खावीत. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. (आमच्या घरीही ही सवय मोडता मोडत नाही!) पावसाळ्यात बोरं नसतात, तेव्हा तांदुळजा, तरोट्याच्या भाजीवर लिंबू पिळावं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मात्र बंद करू नयेत.

आणखी एक. हरभऱ्यावर अळीसाठी फवारणी होते, ती कधी झाली हे खुडणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. आधी विचारावं, मगच ओटीत भाजी भरावी.