शिकण्याच्या वाटा (लेखांक ६) : पाहिलेलं हातात कधी उतरतं?

डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यावर लग्न निघालं की कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरतो आणि सवाशिणी चौक लिहायला बसतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी टोकाला ठेचून मऊ करायची, एवढंच साहित्य. चौकटीच्या मधोमध पालघट देवी येते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. पूर्वी या कलेचा वर्ग कुणी भरवत नसे. मुली मोठ्या बायांच्या शेजारी बसून बघत आणि बघता बघता त्यांच्याही हातात काडी येई.

त्याच घरांत मुलगेही वाढत होते. तीच भिंत, तेच त्रिकोण, तेच चौक त्यांनीही लहानपणापासून पाहिले होते. पण चौक लिहिणं हे बायांचं काम, म्हणून पुरुषाच्या हातात ती काडी पिढ्यान्‌पिढ्या आली नाही.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांच्या हातात ती आली. लहानपणी आई गेल्याच्या धक्क्याने त्यांची वाचाच बसली होती. काही सांगायचं असेल तर ते मातीत चित्र काढून सांगत, अशी हकीकत आहे. पुढे लग्नकार्याची वाट न बघता ते रोज चितारू लागले: जाळं टाकणारा कोळी, मुंग्यांचं वारूळ, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी जिव्यांचं काम पाहिलं आणि भिंतीवरची रेघ कागदावर आली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन भरलं, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू चित्रकार झाले. गंजाड आणि आसपासच्या पाड्यांवरच्या कितीतरी तरुण पुरुषांनीही हेच काम धरलं.

पिढ्यान्‌पिढ्या न धरलेली काडी पुरुषांच्या हातात इतक्या लवकर कशी रुळली?

१९६५ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. बालवाडीच्या वयाच्या ६६ मुलामुलींना त्यांनी एक चित्रफीत दाखवली. तिच्यात एक मोठा माणूस हवेच्या बाहुल्याला बदडतो आणि बदडताना काही ठरावीक शब्द उच्चारतो. शेवट मात्र तीन प्रकारचे होते. एका गटाला त्या माणसाचं कौतुक होताना दिसलं, दुसऱ्याला तो बोलणी खाताना दिसला, तिसऱ्याला पुढे काहीच घडलेलं दिसलं नाही. मग मुलांना बाहुल्याजवळ मोकळं सोडलं. बोलणी पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली, त्यातही मुलींनी फारच कमी.

बांडुरा इथे थांबले असते तर हा प्रयोग एवढा मोलाचा ठरला नसता. त्यांनी पुढे मुलांना सांगितलं, पाहिलेलं जेवढं करून दाखवाल तेवढं बक्षीस, म्हणजे रंगीत चिकटचित्रं आणि फळांचा रस. तिन्ही गटांतला फरक पुसला गेला, मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतरही जवळजवळ मिटलं. शिकली सगळीच होती. करावं की नाही, हे तसं करणाऱ्याचं पुढे काय झालं यावरून ठरत होतं.

गंजाडची गोष्ट या अंगाने फार लख्ख दिसते. बाजार, पैसा, कागद ही कारणं आहेतच. पण ज्या पुरुषांनी रंग हातात घेतला त्यांनी ती आकृती आई-आजीच्या भिंतीवर आधीच पाहून ठेवली होती. आपल्यातल्याच एका पुरुषाला या कामासाठी मान मिळतो, हे त्यांना जिव्यांकडे बघून कळलं.

प्रयोगातला तिसरा गट मात्र अधिक अस्वस्थ करतो. त्या माणसाला शाबासकी नाही, शिक्षाही नाही, आणि तरी या मुलांनी जवळपास कौतुक पाहिलेल्या मुलांइतकीच नक्कल केली. कुणी काही बोललं नाही, याचा अर्थ त्यांनी ‘चालतं’ असा घेतला.

आता डहाणूहून दक्षिणेला बोईसरला या. तारापूर एमआयडीसीत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती देता येते, हेल्मेट-चष्मा हातात ठेवता येतो. त्यानंतर तो पाळीत ज्याच्या हाताखाली पडतो, तोच त्याचा खरा शिक्षक. तो जुना ऑपरेटर मास्क गळ्यात लटकवून ड्रम उघडत असेल आणि सुपरवायझर शेजारून न बोलता निघून जात असेल, तर नव्या पोराने तिसऱ्या गटातल्या मुलांची जागा घेतलीच म्हणून समजा. आम्ल अंगावर उडणं ही रोज घडणारी गोष्ट नाही. न झालेला अपघात दिसत नाही, आणि मास्कशिवाय बिनघोर काम करणारा माणूस रोज दिसतो. म्हणून भिंतीवरच्या सूचना वाढवण्याआधी नवा माणूस कुणाच्या शेजारी उभा करायचा, हे कारखान्याने विचारपूर्वक ठरवायला हवं. चष्मा लावल्याशिवाय व्हॉल्व्हला हात न लावणारा आणि त्याबद्दल चार माणसांत ज्याला मान आहे असा जुना कामगार बहुतेक खात्यांत एखादा तरी असतोच. नव्या पोराचा पहिला महिना त्याच्या पाळीत जावा.