जनुक सुलट की उलट?

आज आपण प्रयोगशाळेतला एक रोजचा प्रश्न घेऊ. प्लाझ्मिडमध्ये जोडलेला डीएनएचा तुकडा सुलट बसला की उलट, हे ओळखायचं कसं? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. आम्हाला यात पुराव्याचा प्रश्न दिसतो.

आधी दिशेला एवढं महत्त्व का, ते बघा. आपल्या संगमनेर-अकोल्याचा टोमॅटो मऊ पडला की भाव गेलाच. अमेरिकेत १९९४ साली आलेल्या 'फ्लेवर सेव्हर' टोमॅटोत फळ मऊ करणाऱ्या एन्झाइमचं जनुक मुद्दाम उलट दिशेनं घातलं होतं. त्यामुळे ते एन्झाइम फार कमी तयार होई. म्हणजे जनुक तेच, पण दिशा बदलली की परिणाम बदलतो.

प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं छोटं कडं. रिस्ट्रिक्शन एन्झाइम ते ठरावीक अक्षरांशी कापतं. इकोआरवन हे 'जीएएटीटीसी' इथे कापतं. समोरच्या धाग्यावर उलट दिशेनं वाचलं तरी अक्षरं तीच येतात, आपल्या 'चिमा काय कामाची'सारखी! म्हणूनच दोन्ही टोकं इकोआरवननं कापलेला तुकडा कसाही बसू शकतो.

आता समजा, प्लाझ्मिड ३००० बेसजोड्यांचं आणि तुकडा १००० चा. परत इकोआरवननंच कापलं तर ३००० आणि १००० हेच मिळणार, तुकडा सुलट असो वा उलट. तुकडा आत आहे एवढं कळलं. दिशा नाही कळली.

मग दुसरं एन्झाइम घ्यायचं, उदाहरणार्थ हिंदथ्री. समजा, ते प्लाझ्मिडमध्ये जोडाच्या डावीकडे १०० वर कापतं आणि तुकड्यात त्याच्या सुरुवातीपासून २०० वर. तुकडा सुलट असेल तर ३०० आणि ३७०० मिळतील. उलट असेल तर २०० ऐवजी ८०० चं अंतर पडेल, म्हणून ९०० आणि ३१००. जेलवर हा फरक सहज दिसतो.

पण तुकड्यातला काप बरोबर मधोमध, ५०० वर असता तर? दोन्ही वेळा ६०० आणि ३४००! मेहनत सगळी वाया. म्हणून काप एका बाजूला कललेला हवा.

आम्ही विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो: कापण्याआधी दोन्ही उत्तरं कागदावर मांडा. ती सारखीच येत असतील, तर ती परीक्षा नव्हेच. खरं आणि खोटं दोन्ही बाजूंना सारखाच कौल देणारा पुरावा, मग तो कितीही स्वच्छ दिसो, काही सिद्ध करत नाही.