केडगावच्या 'मुक्ती'चा धडा

भात विकून हाती चार पैसे आले की एखाद्या पोरक्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा, असे सापगाव-मुरबाडकडच्या घरांतही वाटते. ख्रिस्ती संस्थांत ही रीत जुनी आहे. पंडिता रमाबाईंचेच उदाहरण पाहा.

१८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला देणगीदारांनी मंडळ स्थापून त्यांना दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे ते पुण्यास गेले. तेथे धर्माची सक्ती नव्हती. पण मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात हे कळताच १८९३ मध्ये अनेक पालकांनी त्यांना काढून नेले.

मदतीची मुदत संपणार, हे बाई ओळखून होत्या. त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना तेथे आसरा मिळाला. 'मुक्ती'त बायबलबरोबर लिहिणे-वाचणे, शेती, विणकाम, छपाईही शिकवीत. देणगी संपते, हातातले कसब राहते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारा: संस्था नोंदलेली आहे काय? हिशेब दाखवते काय? मूल कोणते काम शिकणार? धर्मशिक्षणाला पालकांची संमती आहे काय? मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत अशी संमती घटनेच्या २८ व्या कलमाने आवश्यक आहे.

आणि मूल आजी-काकांपाशी राहू शकत असेल, तर आधी शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. तीही मदतच आहे.