बुद्धिबळाचा सराव, पैसे न भरता

मंडळाच्या बुद्धिबळ वर्गातील मुलांचे पालक आम्हाला हमखास विचारतात, वर्षाची वर्गणी भरून एखाद्या संकेतस्थळाचे सदस्यत्व घ्यावे का? आमचे मत असे की आधी लिचेसवर मोफत खाते उघडावे. 2010 मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते. जाहिराती नाहीत, कोडी हवी तितकी.

पण खरा उपयोग हरलेल्या डावाचा. डाव संपला की विश्लेषण मागवा. चूक कुठे झाली ते स्टॉकफिश हे इंजिन दाखवते. मग चुकांतून शिकण्याचा पर्याय उघडला की तीच स्थिती पुन्हा समोर येते आणि योग्य चाल मुलाने स्वतः शोधायची असते. उत्तर लगेच बघू देऊ नका! घरच्या पटावर मोहरी मांडून विचार केला तर फारच उत्तम. हत्ती-प्याद्यांच्या अखेरच्या टप्प्याची कोडीही तिथे वेगळी काढून मिळतात.